चांगुणाचं माप

रविवार, ९ फेब्रुवारी २००३

पोचले बाई एकदाची जुन्नरला. आमच्या आणे गावाहून सकाळच्या यष्टीनं निघालो, आळेफाट्याला गाडी बदलली. माजी श्रेया धा महिन्यांची, पण सगळ्या रस्त्यानं खिडकीतनं लोकांना हात हलवत व्हती. एक म्हातारा बाबा म्हणला, ही पोरगी पुढारी व्हणार, आत्तापासनं मतं मागती.

आठ दिसांचं शिवणाचं शिबिर हाय. सातवी पास बायांना घेतलंय. पास झालं की मशीन मिळणार. मशीन घरात आलं की मी गावातल्या बायांच्या चोळ्या शिवीन आन श्रेयाला शिकवीन. कुणाच्या तोंडाकडं बगायला नको.

मालक पोचवायला आल्ते. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई, लिहीत पण न्हाई, आमच्यात तसंच हाय. खोली त्यांनीच बगून दिली. कापडबाजाराच्या गल्लीत खाली केवलचंद शेटचं दुकान, वर माडीवर आमची खोली. जिना लाकडाचा, एका खोलीला दोन खिडक्या, भिंतीला सागवानी खुंट्या. शेटच्या घरच्या भंवरीबाई त्यांच्या नातीकडं पुण्याला गेल्यात, मंगळवारी येणार. शेटनी मालकांकडं एकदा निरखून बगितलं, किल्ली दिली आन गादीवर जाऊन बसले.

आज बाजाराचा दिवस. खिडकीतनं सगळी गल्ली दिसती. मिरच्यांची पोती, मातीची गाडगी, फटफटीवाल्यांची वाट अडवून उभ्या ऱ्हायलेल्या म्हशी. आन मागच्या खिडकीतनं शिवनेरी. पुस्तकात बगितलेला गड एवढा मोटा असंल असं वाटलं नव्हतं. हितं कुणी कुणाला कुठं निघालीस म्हणून इचारत न्हाई. मला तर परदेशाला शिकायला आल्यासारकं झालंय.

मालक चारच्या गाडीनं गेले. म्हणले, मान खाली घालून शिक, मशीन घेऊनच ये.

सोमवार, १० फेब्रुवारी

क्लासच्या बाईंनी सगळ्यांना एकेक वही दिली. म्हणल्या, रोज संध्याकाळी दिवसभराचं लिहायचं, हाताला सवय पायजे, माप चुकीचं लिहिलं की गिऱ्हाईक परत फिरकत न्हाई. म्हणून कालचं आज लिहून काडलं.

माज्या शेजारी सरूबाई बसती, भीमाशंकरकडली. तिचा नवरा देवळापाशी पेढे इकतो. तोंडाला कुलूप न्हाई तिच्या. माजं माप घेताना म्हणली, अगं सारजे, ही कंबर हाय का बाटलीचं नरडं, जेवती का नुसतीच वाढती गं तू? सगळ्या हसल्या. मी पण हसले. किती दिसांनी असं हसले.

माजं माप लिहिते. छाती चौतीस. कंबर अठ्ठावीस. बाही नऊ.

सरूबाईनं गळ्यातला टाक बगून इचारलं, ही कोण देवी? मी सांगितलं, देवी न्हाई, सवत हाय. मालकांची पहिली बायको चांगुणा, चार वर्सामागं विहिरीत पाय घसरून गेली. माजं लग्न झालं तवा आत्यांनी, म्हंजे सासूबाईंनी, तिच्या नावाचा चांदीचा टाक माज्या गळ्यात घातला. नवं लुगडं, नवी चोळी, काय पण असू दे, आधी टाकाला लावायचं, ‘आधी तुजं मग माजं’ म्हणायचं, मग अंगाला. तीन वर्स झाली, एकदा चुकवलं न्हाई. सरूबाई म्हणली, आमची सवत जित्ती हाय आन तिला पण एवढा मान न्हाई.

बाईंनी चोळीचं कापड वाटलं तवा माजा हात टाकाकडं गेला व्हता. पण सगळ्या बगत व्हत्या. आन कापड शिबिराचं, नुसतं सरावाचं. ह्याला काय लावायचं. हात मागं घेतला.

श्रेयाला क्लासमधी कापडाच्या ढिगावर निजवते. बाई काय म्हणत न्हाईत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज चोळी शिवून झाली. टीप सरळ आली, बाईंनी शाबास म्हणलं. मग अंगात घालून बगायला गेले तर खांद्यातनं खाली उतरंना. बाईंनी टेप लावला. छाती तीस भरली. बाही साडेसात. बाई रागावल्या, काय बगून कापलंस? कागदावर चौतीसच हाय, माज्याच अक्षरात. खडूची रेघ पण चौतीसावरच व्हती, सरूबाईनं सवता बगितली.

सरूबाई म्हणली, धाकटी बहीण असंल तर दे तिला. मला बहीण न्हाई.

चोळी घरी आणून खुंटीला अडकवली. गळा गोल कापला व्हता मी. आता बगते तर खोलगट हाय, जुन्या बाया शिवत्यात तसा.

भंवरीबाई पुण्याहून आल्या. श्रेयाला कडंवर घिऊन साऱ्या दुकानात मिरवलं. लई माया हाय त्यांना. फकस्त खोलीत काय आल्या न्हाईत, उंबऱ्यातनंच बोलल्या.

श्रेया पिताना रडती. दूध कमी येतंय का काय. पाणी बदललं म्हणून असंल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी उठले तर खुंटीवरच्या चोळीवर छातीपाशी दोन ओले डाग. रुपयाएवढे, शेजारी शेजारी. वर कौल गळत न्हाई, पाऊस न्हाई. वास घेतला. दुधाचा वास.

माज्या छातीला आज सकाळपासनं दूध न्हाई.

क्लासमधी परकर शिकिवला, सहा कळ्यांचा. मी जपून, दोनदोनदा मोजून कापला. अठ्ठावीसची कंबर. शिवून झाल्यावर बाईंनी हातात धरला आन हसायला लागल्या. म्हणल्या, अगं हा पोटुशी बाईचा परकर झाला. कंबर सदतीस, आन पुढची कळी दोन इंच लांब. पोट आलं की परकर पुढनं उचलतो म्हणून तशी ठेवत्यात, पण हे मी अजून शिकिवलंच न्हाई. कुठं शिकलीस?

मी कुठंच शिकले न्हाई.

सरूबाईनं डोळा मारला, म्हणली, काय गं सारजे, दुसऱ्याची तयारी चालू का? मला हसू आलं न्हाई. तीस छातीची बारीक बाई. सदतीस कंबर. सातवा महिना तरी असंल तिला.

घरी आल्यावर टाक हातात धरला आन माफी मागितली. म्हणलं, चांगुणाबाई, चुकले, पहिलं कापड तुला लावायचं ऱ्हायलं. उद्यापासनं न्हाई चुकणार. चोळी, परकर दोनी टाकाला लावले. आधी तुजं. मग माजं म्हणायला तोंड उघडंना.

पण आत्या तर म्हणत्यात, चांगुणा वांझ व्हती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भंवरीबाईंनी गाईचं दूध दिलं. श्रेयानं दोन घोट घेतले, बाकी सगळं उलटून काडलं. दिवसभर हसली न्हाई.

आज झबलं शिवायचं व्हतं. मला बरं वाटलं, लेकीला व्हईल. श्रेयाचं माप घेतलं, कागदावर लिहिलं, सरूबाईला दाखवलं. कापताना पण तिला शेजारी उभं केलं. ती म्हणली, बरोबर कापतीयेस, घाबरू नको.

शिवून झालं आन माज्या तळहातावर मावलं. एवढंसं. सव्वा महिन्याच्या लेकराला पण बसायचं न्हाई. सरूबाईनं ते उलटंपालटं केलं. सरूबाई पयल्यांदा काय बोलली न्हाई.

मला वाटलं, टाकाला लावलं म्हंजे चांगुणा शांत व्हईल. घरी आल्या आल्या झबलं टाकाला लावलं. म्हणलं, घे बाई, आधी तुजं. खुंटीवर चोळी, खाली परकर, त्याच्या शेजारी झबलं अडकवलं. लांबनं बगितलं तर कुणी बाई लेकरू घिऊन भिंतीला टेकून उभी हाय असं दिसतंय.

बाजू बदलून बसले. तसंच दिसतंय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी श्रेयाला न्हाऊ घालताना तिच्या कंबरेचा करदोडा कुल्ल्यावरनं सरकून पायांत पडला. तोडला न्हाई, गाठ तशीच. पायातले वाळे पण निघाले. मांडीवर घेतली तर ओझंच न्हाई.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, ते झबलं काडलं आन तिच्या अंगाला लावून बगितलं. बाही शिरली. नाड्या जुळल्या.

ओढून काडलं. फेकलं. क्लासला गेले न्हाई, दवाखान्यात पळाले. डॉक्टरनं काट्यावर ठेवली. साडेचार किलो. तिच्या कार्डावर गेल्या महिन्याचं वजन साडेसात हाय. डॉक्टर म्हणले, कार्डावर चुकीचं लिहिलंय, ही तर दोन-तीन महिन्यांची दिसती. मी म्हणलं, साहेब, हिला चार दात हायेत. त्यांनी बोटानं बगितलं. दोनच हायेत म्हणले.

आता कळलं. झबलं लेकीचं व्हतं आन मी ते चांगुणाला लावलं. आधी तुजं म्हणलं. आपलं कापड लावायचं असतं, लेकराचं न्हाई. माज्या हातानं माजी लेक मी तिच्या वटीत घातली.

बूथवरनं गावात गेणभाऊच्या दुकानात फोन केला, मालकांना बोलावून घेतलं. रडत रडत म्हणलं, लेक सुकत चाललीये, घिऊन चला. मालक म्हणले, नाटकं करू नको, मशीन मिळंपर्यंत ऱ्हा. आन म्हणले, पोरगीच हाय ना, जगली तर जगली. मागं गेणभाऊ हसल्याला आइकू आला.

जिन्याखाली बसून रडत व्हते. भंवरीबाई आल्या. डोक्यावरनं हात फिरवला आन म्हणल्या, ह्या खोलीला बाई लेकरं धारजिणी न्हाईत, मी ह्यांना म्हणलं व्हतं परत त्या माणसाला खोली देऊ नका. मी म्हणलं, परत म्हंजे? तर म्हणल्या, तुझ्या जावेच्या वेळी न्हाई का दिली. कशी हाय तुझी जाऊ? ती बारीक पोरगी. बरी झाली का पुढं?

मला जाऊ न्हाई. मालक एकलेच हायेत.

मग सगळं सांगितलं त्यांनी. चार वर्सामागं मालक आन एक म्हातारी एका पोटुशी पोरीला घिऊन आले. भावजय हाय म्हणले, तपासायला आणली. तपासून आले, पोटात मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी कुठनं तरी औषध आणून पाजलं. भंवरीबाईंना सांगितलं, आपोआप पडलं. पोरगी भर दुपारी वरडत व्हती, मग आवाज दाबल्यावाणी झाला. भंवरीबाई वर गेल्या तर म्हातारी तिच्या तोंडावर हात ठेवून बसल्याली. तिसऱ्या दिवशी गोधडीत गुंडाळून जीपमधी घातली. बेशुद्ध हाय, गावाला नेतो म्हणले. जिना तीनदा धुतला तरी तांबडं दिसत व्हतं. शेट म्हणले, लोकांच्या घरातलं आपण बोलायचं न्हाई. एवढं सांगून भंवरीबाई पदर तोंडाला लावून रडल्या.

जाता जाता म्हणल्या, त्या पोरीनं दुकानातनं एक वार कापड घेतलं व्हतं, पहिल्या दिवशी, गुपचूप. झबल्याला.

आन म्हणल्या, म्हातारीच्या उजव्या करंगळीचं टोक नव्हतं.

आत्यांचं बोट कडबाकुट्टीत गेलंय. उजव्या हाताची करंगळी.

विहिरीत कुणी पाय घसरून पडलं न्हाई. मेलेली टाकली.

म्हणून टाक. मान म्हणून न्हाई. ती गप ऱ्हावी म्हणून. आन तिला गप ठेवायला माजा गळा.

आज त्याचं नाव लिहिते. सुदर्शन. सुदर्शन. सुदर्शन. जीभ झडली न्हाई माजी.

शनिवार, १५ फेब्रुवारी

श्रेया रडत न्हाई आता. नुसतं तोंड उघडती. कापसानं दूध पिळते. गल्लीतल्या वाण्याच्या काट्यावर तीन किलो भरली.

टाळू परत मऊ झालीये. बोट लावलं की आत जाती —

खुंटीवरच्या परकराच्या काठाला तांबडं चढलंय. काल वीतभर. आज गुडघ्याएवढं.

चांगुणाशी बोलले. भर दुपारी, दार उघडं ठेवून. म्हणलं, बाई, तुजं लेकरू माज्या लेकीनं न्हाई मारलं. तुला तिला घिऊन काय मिळणार. ज्यानं मारलं तो तर आण्याला पोटभर जेवतोय. मी टाक काडून फेकून पळून गेले असते, पण तुज्याजवळ माजी लेक हाय. सांग काय पायजे. तुजं आन माजं एकच घर हाय. माणूस पण एकच.

खुंटीवरची चोळी हलली. वारं नव्हतं.

क्लासला गेले. आज पुरुषी सदरा व्हता. लेक झोळीत, सरूबाईच्या कुशीत दिली. सरूबाई झोळीत बगून पांढरीफटक पडली. म्हणली, सारजे, ही तुजी लेक न्हाई. मी म्हणलं, माजीच हाय, क्लास सुटंपर्यंत सांबाळ फकस्त.

सुदर्शनचं माप मला पाठ हाय. छाती अडतीस. खांदा अठरा. बाही तेवीस. एक टीप वाकडी न्हाई. बाई म्हणल्या, सगळ्यात चांगला सदरा तुजाच.

शिवून झाल्यावर पण अडतीसच भरला. तवाच कळलं, चांगुणाला पटलं.

घरी आणला. टाकाला लावला. म्हणलं, ह्या सदऱ्यात जो शिरंल तो आधी तुजा. पुरता तुजा. मग माजं म्हणायची गरज न्हाई, मला नको.

बूथवर गेले. फोनवर गोड बोलले. म्हणलं, पास झाले, मशीन मिळालं, उद्या बाजाराला या, तुमाला सदरा शिवलाय. आत्यांना पण आणा.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळ. अडीच किलो. करदोड्याची गाठ चारदा मारली. वाट बगतीये. गल्लीत बाजार भरलाय.

अकरा वाजले. आला. आत्या खाली मिरच्या बगत थांबल्या. तो वर येऊन म्हणला, मशीन कुठंय. मी सदरा पुढं केला. पोरीकडं बगितलं पण न्हाई त्यानं. शर्ट काडून सदरा घातला. हात वर केले, खाली केले. म्हणला, बरोबर बसला की, पयल्यांदा काम केलंस नीट.

मी दाराला कडी घातली. म्हणला, कडी कशाला? मी म्हणलं, वारं येतंय.

खाटंवर बसून म्हणतो, बटणं निघत न्हाईत. मी म्हणलं, नवीन काजं हायेत, घट्ट असत्यात.

बाह्या लांब झाल्या म्हणतो. हात दिसंनात त्याचे. बाह्या न्हाई वाढल्या. मी मोजून कापल्यात. तेवीसच हायेत —

शिव्या देतोय. खाटंवरनं उतरायला बगतोय. पाय पुरंनात.

मी कोपऱ्यात बसून लिहितीये. लेक मांडीवर. आत्ता — छातीत कळ आली. पान्हा फुटला. लेक प्यायला लागली. गटगट पितीये माजी बाय. ओझं लागतंय मांडीला.

करदोडा रुतायला लागला. एक गाठ सोडली. दुसरी सोडली.

आवाज बारीक झालाय त्याचा. आधी सारजे सारजे करत व्हता. मग आई म्हणला. आता शब्द न्हाईत.

खुंट्या मोकळ्या हायेत. चोळी न्हाई, परकर न्हाई. खाटंवर कुणी तरी बसलंय, सदऱ्याचा बोळा मांडीवर घिऊन. मी वर बगत न्हाई. फकस्त पाय दिसत्यात. काठाला तांबडं हाय. त्यांच्या खाली फरशी वली व्हत चाललीये —

हात ठेवला तिनं. सदऱ्याच्या तोंडावर.

थांबला आवाज.

श्रेया हसली. चार दिसांनी. चार दात हायेत.

जिना वाजतोय. आत्या. दार वाजवतेत, म्हणतेत, काय गं रांडं, दिवसाढवळ्या कडी घालून काय चाललंय, माजा लेक कुठंय? खाटंवरनं चांगुणानं माज्याकडं मान वळवली. तिनं झबल्याला घेतलेलं ते कापड माज्यापुढं सरकवलं.

एक वार हाय. चोळीला पुरंल. आत्यांची छाती छत्तीस, बाही आठ. कंबर मातर मला पाठ न्हाई. मोजावी लागंल. टेप घेतला. कडी काडते —